चौदा हजार पाच-नऊ

गच्चीवरच्या खोलीत तीन खुर्च्या होत्या, त्यांतली एक चाकांची. टेबलावर दोन रेडिओ, एक अॅम्प्लिफायर, तीन हेडफोन, दोन मायक्रोफोन आणि पाण्याची एक बाटली होती. ती बाटली अॅम्प्लिफायरवर ठेवायला सक्त मनाई होती आणि ती नेहमी तिथेच असे. भिंतीवर जगाचा एक नकाशा आणि अकरा प्रशस्तिपत्रं. बाहेर अठरा मीटर उंचीचा एक मनोरा, त्यावर पाच आडव्या दांड्यांचा अँटेना आणि अँटेनावर बहुतेक वेळा एक कावळा. खणातल्या वह्यांमध्ये अकरा वर्षांच्या स्पर्धांतून जगभरच्या लोकांनी दिलेले शेरे होते. ते भरले चौदा हजार दोनशे सहा. आणि चौदा हजार दोनशे सहाच्या सहा शेरे एकच होते : पाच-नऊ.

ही मोजदाद मापसाहेबांनी स्वतः केली. एरवी त्यांनी हा आकडा अंदाजानेही सांगितला असता, पण त्या सकाळी एक पत्र आलं होतं.

मापसाहेब वजनमापे खात्यात निरीक्षक होते. चोवीस वर्षं त्यांनी गावभरचे काटे, मीटरपट्ट्या आणि लिटरची मापं तपासली होती. दुकानदार त्यांना समोर 'साहेब' म्हणत आणि पाठीमागे 'मापसाहेब'. पुढे रेडिओच्या मित्रांनी तेच नाव समोर वापरायला सुरुवात केली. हौशी रेडिओ हा त्यांचा छंद. परवाना घ्यायचा, घरी स्टेशन उभारायचं आणि आकाशात आवाज सोडून पृथ्वीच्या पाठीवर कोण उत्तर देतं ते पाहायचं. वर्षातून एका रविवारी, सकाळी सहा ते संध्याकाळी सहा, याची स्पर्धा होई. बारा तासांत जो जास्तीत जास्त स्टेशनांशी बोलेल तो जिंकला. बोलणं म्हणजे काय, तर तुम्ही तुमचं नाव सांगायचं, त्याने त्याचं, आणि एकमेकांचा सिग्नल कसा येतो याचा शेरा द्यायचा. पाच म्हणजे शब्द न् शब्द स्पष्ट. नऊ म्हणजे ताकद भरपूर. पाच-नऊच्या वर कौतुक नाही.

आता स्पर्धेत कोणाला वेळ आहे? त्यामुळे सगळे सगळ्यांना पाच-नऊच देतात. 'पाच-नऊ, पण तुमचं नाव पुन्हा सांगा, काहीच ऐकू आलं नाही' हे वाक्य मापसाहेबांनी स्वतः शेकडो वेळा उच्चारलं होतं. तरीही लोकांनी आपल्याला दिलेला पाच-नऊ मात्र तपासून, तोलून, शिक्का मारून दिलेला आहे अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती. दिव्याखाली अंधार असतो तो असा.

पत्र स्पर्धा समितीचं होतं. मजकूर थोडका होता. 'गेल्या स्पर्धेत आपला सिग्नल आठ किलोहर्ट्झहून अधिक रुंद आढळला. एका आवाजाला दोन हजार सातशे हर्ट्झ पुरतात. यंदा पुन्हा तसे आढळल्यास आपले नाव गुणतक्त्यातून काढण्यात येईल.'

रेडिओवरची जागा ही बाकावरच्या जागेसारखी असते. एका माणसाला एका माणसाची जागा. पत्राचा अर्थ असा, की मापसाहेब तिथे अकरा वर्षं मांडी घालून, पिशव्या दोन्हीकडे पसरून बसले होते.

"मी!" ते पत्नीला म्हणाले. "मी जागा खातो? चौदा हजार लोक खोटं बोलतील का?"

पत्नी शाळेत भूगोल शिकवायच्या, आणि स्पर्धेत रेडिओवरही बसायच्या. त्यांनी उत्तरपत्रिकेतून मान वर केली नाही. "अहो, गेल्या वर्षी तुम्ही किती जणांना पाच-नऊ दिलंत?"

"सगळ्यांना."

"त्यातले खरे किती होते?"

मापसाहेबांनी बाटली अॅम्प्लिफायरवरून उचलून टेबलावर ठेवली.

स्पर्धेला पाच आठवडे होते. त्यांनी ठरवलं, आपला सिग्नल मोजून घ्यायचा. एवढंच काम. ज्या माणसाने गावातली प्रत्येक गोष्ट मोजली त्याला स्वतःची एक गोष्ट मोजून घ्यायला असा कितीसा वेळ लागणार?

पत्राची बातमी संध्याकाळपर्यंत इमारतीत पसरली. कशी, हे सांगता येत नाही. विद्युतचुंबकीय लहरींपेक्षा जिना जास्त वेगाने चालतो. खालच्या मजल्यावरचे निवृत्त मुख्याध्यापक वर आले आणि म्हणाले, "उत्तरच पाठवू नका. मी तीस वर्षं वरिष्ठांच्या एकाही पत्राला पहिल्यांदा उत्तर दिलं नाही. खरंच काम असेल तर ते दुसरं पाठवतात."

"काका, दुसऱ्या पत्राच्या वेळी नाव काढतात."

"मग पत्र मिळालंच नाही म्हणा."

समोरच्या शिवणकामवाल्या काकूंनी दारातूनच विचारलं, "काय जास्त झालंय म्हणे, रुंदी?"

"हो."

"मग दोन्हीकडून आत घ्या की. हाय काय नि नाय काय."

मापसाहेबांना या सल्ल्याचा राग आला. कधी कधी माणसाला योग्य सल्ल्याचाच जास्त राग येतो, पण ते त्यांना तीन आठवड्यांनी कळायचं होतं.

आधी त्यांनी रेडिओवरच्या मित्रांना विचारलं. स्पर्धा नाही, घाई नाही, अगदी खरं सांगा. पहिला म्हणाला, "पाच-नऊ, सुंदर आवाज." दुसरा म्हणाला, "पाच-नऊ, तुमच्या आवाजाला तोड नाही." तिसरा जरा घुटमळला आणि म्हणाला, "साहेब, तुमचा आवाज मला चार ठिकाणी ऐकू येतो. पण चारही ठिकाणी सुंदर."

मग ते रजा टाकून रेडिओ देखरेख कार्यालयात गेले. तिथे सिग्नल मोजायची उत्तम यंत्रं होती. ती काचेच्या दारातून दिसत होती. दाराच्या अलीकडे एक लिपिक होते.

"आम्ही तक्रारीशिवाय मोजत नाही," लिपिक म्हणाले.

"माझी तक्रार आहे."

"कोणाविरुद्ध?"

"माझ्याविरुद्ध."

लिपिकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मापसाहेब तेच होते. मग त्यांनी न चिडता एक अर्ज पुढे केला. चौथ्या रकान्यात लिहिलं होतं : 'तक्रारदाराचे प्रतिवादीशी नाते.'

"इथे काय लिहू?"

"काहीही लिहा. पण खाली सह्या दोघांच्या लागतात. आणि दोन्ही सह्या सारख्या आल्या की वरून परत येतो. एकदा आलाय."

"म्हणजे माझ्याआधी कोणी...?"

"तो जुळ्या भावांचा होता."

मापसाहेबांना चिडायची फार इच्छा झाली. पण त्यांच्या स्वतःच्या खात्यात काटा दुरुस्त झाल्याचा दाखला असल्याशिवाय काटा दुरुस्तीचा अर्ज घेत नसत, आणि तो नियम सुचवणारी टिपणी त्यांच्याच हातची होती.

"एक करा," लिपिक आपुलकीने म्हणाले. "दुसरा तक्रारदार आणा. तुमच्याजवळ राहणारा, रेडिओतलं कळणारा आणि तुमच्यावर थोडा राग असलेला. असा अर्ज लगेच मंजूर होतो."

या वर्णनाचा गावात एकच माणूस होता.

चार किलोमीटरवर लाकडाची वखार होती. वखारीचे मालक हौशी रेडिओवाले. गावातलं दुसरं स्पर्धेचं स्टेशन त्यांचं. घरचीच लाकडं असल्यामुळे त्यांचा अँटेनाचा खांब बावीस मीटरचा होता, आणि ते जास्तीचे चार मीटर मापसाहेबांना वखारीच्या दिशेच्या खिडकीतून रोज दिसत. स्पर्धेत एका वर्षी हे पुढे, एका वर्षी ते. हे सगळं ठीकच होतं. पण दोन वर्षांपूर्वी मापसाहेबांनी वखारीचा काटा नापास केला होता. वीस किलोमागे चाळीस ग्रॅम. लाल शिक्का.

"काटा तपासायला?" वखारवाले त्यांना पाहून म्हणाले. "मुदत अजून दोन महिने आहे, साहेब."

"काट्यासाठी नाही. तुमची माझ्याविरुद्ध एक तक्रार हवी होती."

वखारवाल्यांनी करवत बंद करायला सांगितली. मग पत्र घेतलं, वाचलं, आणि उजेडात धरून पुन्हा वाचलं. माणूस प्रेमपत्रसुद्धा इतक्या सावकाश वाचत नाही.

"तक्रार मी करणार नाही," ते शेवटी म्हणाले. "तक्रार करायची असती तर दोन वर्षांपूर्वीच केली असती. तुम्ही बोलायला लागलात की माझ्या रेडिओवर दुसऱ्याला उभं राहायला जागा उरत नाही."

"मग सांगितलं का नाही?"

"तुम्ही विचारलंत की, कसा येतोय सिग्नल म्हणून. मी सांगितलं."

"काय सांगितलंत?"

"पाच-नऊ."

वखारवाल्यांनी पत्रावरचा भुसा झटकला आणि घडी घालून ते परत दिलं.

"तक्रार नाही," वखारवाले म्हणाले, "पण मोजून देतो. रविवारी या. वहिनींना म्हणावं, घरून बोला."

रविवारी सकाळी वखारीच्या मागच्या खोलीत दोघे पडद्यासमोर बसले. हा पडदा प्रत्येक सिग्नल उभ्या पट्टीसारखा दाखवी. बारीक पट्टी म्हणजे नीटस सिग्नल. चार किलोमीटरवरून पत्नी आकडे मोजू लागल्या : एक, दोन, तीन. पडद्यावर पट्टी उमटली नाही, सतरंजी उमटली. वखारवाल्यांनी दोन्ही कडांना खुणा लावल्या.

"सव्वाआठ किलोहर्ट्झ."

"हे सिद्ध होत नाही," मापसाहेब म्हणाले. कान लाल झाले होते, पण आवाज कामावरचा होता. "मी जवळ आहे. माझी ताकद तुमच्या रिसीव्हरला झेपत नसेल. तो गुदमरला की त्याला बारीकसुद्धा रुंद दिसतं. दोष त्याचा असू शकतो."

"असू शकतो," वखारवाले म्हणाले. "मग?"

मग मापसाहेबांना आपलाच धंदा आठवला. काट्याची एक बाजू खोटी आहे असा संशय आला, की ते दोन पारड्यांतली वजनं अदलाबदल करीत. दोष वजनात असेल तर तो वजनाबरोबर दुसरीकडे जातो. काट्यात असेल तर जागेवर राहतो. चोवीस वर्षांत या एका युक्तीपुढे एकाही दुकानदाराची सबब टिकली नव्हती.

"सिग्नल कमी करणारी डबी आहे?" त्यांनी विचारलं. "वायरीत बसवा. सिग्नल शंभरावा हिस्सा होऊ द्या. रिसीव्हर गुदमरत असेल तर मोकळा होईल आणि पट्टी बारीक दिसेल. नाही झाली, तर..."

डबी होती. वखारवाल्यांनी ती बसवली. चार किलोमीटरवर पत्नी सत्तेचाळीसपर्यंत आल्या होत्या. पट्टी फिकी झाली. दोघे पुढे वाकले.

"सव्वाआठ," वखारवाले म्हणाले. या वेळी मात्र हळू.

यालाच हात दाखवून अवलक्षण म्हणतात.

वखारवाल्यांनी गल्ल्यावरच्या खिळ्याला लावलेला एक कागद काढला. तो त्यांच्या काट्याच्या नापासाचा दाखला होता. तो समोर ठेवून त्यांनी कोऱ्या कागदावर त्याच रकान्यांत, त्याच क्रमाने लिहिलं. मंजूर मर्यादा : दोन हजार सातशे हर्ट्झ. आढळले : आठ हजार दोनशे पन्नास हर्ट्झ. निर्णय : नामंजूर. शिक्क्याच्या जागी त्यांनी लाकडावर खुणा करायच्या लाल खडूने एक गोल काढला.

"तुमचं अक्षर माझ्यापेक्षा बरं आहे," मापसाहेब म्हणाले, आणि कागदाची घडी घालून खिशात ठेवली.

त्याच संध्याकाळी गच्चीवरच्या खोलीत चौकशी बसली. स्टेशन चालवणारे तिघे : साहेब, पत्नी आणि दातांचे डॉक्टर. डॉक्टर फार हळू बोलत. दिवसभर ज्यांची तोंडं उघडी आहेत पण ज्यांना उत्तर देता येत नाही अशांशी बोलायची सवय; आवाज चढवायची गरजच पडली नव्हती.

"मायक्रोफोनचं बटण मी थोडंसं वर केलं," डॉक्टरांनी कबूल केलं. "माझी पाळी आली की करतो."

"आणि पाळी संपली की?"

"राहतं तिथेच."

आवाज दाबून जाड करणारं बटण पत्नींनी वर केलं होतं. "माझा आवाज पातळ आहे हो. वर्गाला पुरतो, समुद्रापलीकडे पुरत नाही."

उरलं तिसरं बटण, अॅम्प्लिफायरला रेटा देणारं. ते कोणी वर केलं हे कोणी विचारलं नाही. दोघांनीही साहेबांकडे पाहिलं आणि साहेबांनी बाटलीकडे. मर्यादेच्या पुढे कोणीही एका वेळी केसभरच गेलं होतं. पण अकरा वर्षांत खाली मात्र कोणीही काहीही केलं नव्हतं.

"एक सांगू का?" डॉक्टर त्यांच्या पद्धतीने, म्हणजे जवळजवळ न ऐकू येईल असं, म्हणाले. "रुंद असण्याचा फायदा आहे. आपल्या आजूबाजूला कोणी फिरकत नाही. बारीक केलं तर दोन्हीकडून शेजारी येऊन बसतील. बारा तास त्यांच्या कलकलाटात ऐकायचं कसं? सगळी मोठी स्टेशनं थोडी ऐसपैस बसतात."

"डॉक्टर, याला पासंग म्हणतात."

"पासंग नाही, ऐसपैस."

"वीस किलोमागे चाळीस ग्रॅमसुद्धा ऐसपैसच असतात," मापसाहेब म्हणाले. "दोन महिन्यांनी त्या वखारीत मी वजनं घेऊन कोणत्या तोंडाने जाऊ?"

यावर डॉक्टरांनी, ज्यांचा व्यवसायच तोंडाचा होता, मायक्रोफोन साहेबांच्या पुढे सरकवला.

बटणं माहितीपुस्तकातल्या खुणांपर्यंत खाली आणायला तीन संध्याकाळी लागल्या. आधी मायक्रोफोन, मग दाब, मग रेटा. एका वेळी एक, आणि प्रत्येक बदलाची वहीत नोंद. काकू कपडे वाळत घालायला गच्चीवर आल्या होत्या. "घेतलं का आत, दोन्हीकडून?" त्यांनी विचारलं. साहेबांनी होकारार्थी मान हलवली. मग तिन्ही बटणांना बारीक तार बांधून, काट्याला लावतात तसं शिशाचं सील लावलं. खात्याचं नव्हे, घरचं. त्यावर छाप म्हणून पत्नीच्या शाळेतल्या शिक्क्याचं उलटं टोक वापरलं. छाप उठला नाही, पण धाक बसला.

स्पर्धेच्या रविवारी सहा वाजता साहेबांनी पहिली हाक दिली. सहा वाजून चार मिनिटांनी डावीकडे एक शेजारी येऊन बसला. सहा वाजून नऊ मिनिटांनी उजवीकडे दुसरा. उजवीकडच्याचा आवाज असा होता, की त्यानेही अकरा वर्षांत एकही बटण खाली केलेलं नसावं. मापसाहेबांना त्याचा मनापासून राग आला आणि लगोलग त्याच्याविषयी बंधुभाव वाटला.

गेल्या वर्षी पहिल्या तासात एकशेएकतीस स्टेशनं झाली होती. यंदा ब्याण्णव.

"साहेब," डॉक्टर दुसऱ्या तासाला म्हणाले, आणि त्यांचा हात रेट्याच्या बटणाकडे गेला. सवयीनेच. बोटाला तार लागली. त्यांनी हात मागे घेतला आणि तोंडातला आरसा पुसावा तसं ते बोट रुमालाला पुसलं.

"या तासात सत्त्याण्णव," पत्नींनी वहीत लिहिलं. "बरं, यंदा एक गंमत बघा. गेल्या वर्षी आपल्याला शंभरातले तेवीस लोक 'पुन्हा सांगा' म्हणत होते. आज सहाच म्हणाले."

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. अकरा वर्षं आवाज मोठा करता करता तो फाटला होता, आणि फाटला म्हणून लोकांना कळत नव्हता, आणि कळत नव्हता म्हणून तो आणखी मोठा केला होता. तिसऱ्या तासाला एकशेसहा झाली. चौथ्याला एकशेअकरा. शेजारी दोन्हीकडे होतेच. त्यांच्यामधून ऐकायची कानाला सवय झाली, जशी बाकावर माणसाला होते.

साडेतीन वाजता एक अगदी क्षीण हाक आली. पत्नींनी नकाशावर बोट ठेवलं तिथे सगळा समुद्र होता आणि एक ठिपका. म्हातारा, शांत आवाज. त्याला घाई नसावी. साहेबांनी त्याला नेहमीप्रमाणे पाच-नऊ दिला. पलीकडून उत्तर आलं :

"पाच-सात."

डॉक्टरांनी हेडफोन कानावर घट्ट दाबला.

"काय म्हणाला?" डॉक्टरांनी विचारलं.

"पाच-सात," साहेब म्हणाले.

"हा अपमान आहे!" डॉक्टर ओरडले. त्यांचा आवाज त्या खोलीने पहिल्यांदाच ऐकला.

"अहो डॉक्टर, त्याने ऐकलं," मापसाहेब म्हणाले. "त्याने काट्याकडे बघून सांगितलं! शब्द न् शब्द स्पष्ट, ताकद सात!" त्यांनी पेन घेऊन वहीत पाच-सात लिहिलं, आणि खाली रेघ ओढली. मग त्या आकड्याकडे ते बघतच राहिले. ठिपक्यावरच्या म्हाताऱ्याला आपला पाच-नऊ मात्र खोटाच गेला, हे त्यांना तेव्हा आठवलं, आणि ते ओशाळले.

"अहो!" पत्नी म्हणाल्या. "चौघेजण हाका मारताहेत. कौतुक संध्याकाळी करा!"

त्या कौतुकात चाळीस सेकंद गेले, म्हणजे हिशेबाने एक स्टेशन. त्याबद्दल पुढे कधी कोणाला पश्चात्ताप झालेला आढळला नाही. सहा वाजता हेडफोन उतरवले तेव्हा वहीत एक हजार दोनशे बारा स्टेशनं होती. गेल्या वर्षी तेराशे चार होती. डॉक्टरांचा घसा बसला होता आणि ते त्याबद्दल अभिमानाने, खुणांनी बोलत होते. मुख्याध्यापकांनी खालून हाक मारून विचारलं, "दुसरं पत्र आलं का?"

गुणतक्ता महिन्याभराने आला. वखारवाले चौथे. मापसाहेब सहावे, गेल्या वर्षी ते तिसरे होते. नाव मात्र होतं. साहेबांनी तक्ता नकाशाशेजारी, अकरा प्रशस्तिपत्रांच्या ओळीत लावला.

त्याच आठवड्यात वखारीच्या काट्याची मुदत भरली. मापसाहेब दहा-दहा किलोची दोन वजनं घेऊन गेले. वजनं ठेवली, वाचलं, बाजू बदलल्या, पुन्हा वाचलं. वखारवाले करवतीपाशी पाठ करून उभे होते, पण करवत बंद होती.

"बरोबर आहे," साहेब म्हणाले, आणि हिरवा शिक्का मारला.

वखारवाल्यांनी तो दाखला खिळ्याला लावला. मग गल्ल्यातून एक कागद काढून पुढे केला. "स्पर्धेच्या दिवशी मीही रिकामा नव्हतो," ते म्हणाले. "पण मधूनमधून बघत होतो. तीनदा मोजलं. डबी लावून."

कागदावर तेच रकाने होते, त्याच क्रमाने; वर फक्त वेळेचा एक वाढला होता. वेळ : सकाळी आठ दहा, दुपारी बारा चाळीस, संध्याकाळी पाच पंचावन्न. मंजूर मर्यादा : दोन हजार सातशे हर्ट्झ. आढळले : दोन हजार सहाशे चाळीस, दोन हजार सहाशे चाळीस, दोन हजार सहाशे चाळीस.